‘आवर्तन’ की ‘फेरा’? लूपमधल्या लूपला काय म्हणावं

प्रोग्रॅमिंगमध्ये त्याच सूचना पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या रचनेला ‘लूप’ म्हणतात, आणि लूपच्या आत लूप असला की ‘नेस्टेड लूप’. त्यासाठी मराठीत ‘आवर्तनातलं आवर्तन’ असं सुचवलं जातं. मला ते पटत नाही, ‘फेरा’ बरा वाटतो.

आमच्या नाशकात ‘आवर्तन सुटलं’ म्हटलं की धरणातून कालव्याला पाणी आलं, हाच अर्थ डोक्यात येतो. त्रितालाचं आवर्तन सोळा मात्रांचं, समेवर आल्याशिवाय ते पुरं होत नाही. (त्यात चार-चार मात्रांचे चार विभाग, म्हणजे लूपमध्ये लूप आहेच.) अथर्वशीर्षाची आवर्तनंही मोजून पूर्ण करतात. लूपमधून मात्र मधेच उठून जाता येतं. फेऱ्याला ते चालतं. श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला गेलेला माणूस ‘अर्ध्यातून परत आलो’ असं सहज सांगतो. आणि कधीच न संपणाऱ्या लूपसाठी ‘जन्ममरणाचा फेरा’ तयारच आहे.

खरी अडचण ‘ब्रेक’ची, म्हणजे लूप मधेच सोडायला सांगणाऱ्या आज्ञेची. मी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. दिंडोरीकडच्या एका विद्यार्थिनीने घरच्या द्राक्षबागेवर उदाहरण केलं: बाहेरचा लूप ओळींचा, आतला झाडांचा. डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) लागलेलं पहिलं झाड सापडलं की शोध संपवायचा. तिने आतल्या लूपमध्ये ‘ब्रेक’ लिहिलं, वहीत त्याचा अर्थ लिहिला ‘थांब’. प्रोग्रॅम थांबलाच नाही. पहिल्या ओळीतलं झाड छापलं, मग दुसऱ्या ओळीतलं, मग तिसऱ्या. मी विचारलं, बागेतल्या माणसाला काय सांगशील? ती म्हणाली, “एक तर ‘ही ओळ सोडा’, नाहीतर ‘बागेतनं बाहेर या’.”

‘थांब’ म्हटल्यावर काही विचारायचं उरत नाही. ‘बाहेर पड’ म्हटलं की लगेच ‘कशातून?’ येतं, आणि नुसता ‘ब्रेक’ नेमकं तेच सांगत नाही. तो ज्या लूपमध्ये लिहिलाय, फक्त त्यातूनच बाहेर काढतो. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बाहेरच्या लूपला लेबल, म्हणजे नाव, देऊन ब्रेकपुढे ते लिहितात. पीएचपी या भाषेत ‘ब्रेक २’ म्हणजे दोन्ही फेऱ्यांतून बाहेर. पायथॉन या भाषेत लेबल आणावं ही सूचना २००७ मध्ये फेटाळली गेली, त्यामुळे तिथे दोन्ही लूप एका फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यात) घालून त्यातून बाहेर काढणाऱ्या ‘रिटर्न’ने निघणं सोपं पडतं.

लूपमधली दुसरी आज्ञा ‘कंटिन्यू’. तिला ‘चालू ठेव’ म्हणू नये. हातातलं झाड तिथेच सोडून पुढच्याकडे जायचं असतं, म्हणून ‘पुढचं घे’. लेबल लावलं तर ‘पुढची ओळ घे’.

आतल्या लूपला मी ‘पोटफेरा’ म्हणते. पोटकलम, पोटभाडेकरू यांच्या चालीवर. मुलांना तो न समजावता कळला. ‘अ‍ॅरे’ (एकापुढे एक ठेवलेल्या मूल्यांची यादी) मात्र अ‍ॅरेच राहू द्यावा, कारण ‘ओळ’ म्हटलं तर कोडची ओळ की बागेतली, हा घोळ होतो.

ओळ, झाड, घड असे तीन थर आले की ‘पोटफेरा’ अपुरा पडतो. तिथे मी लूप ज्यावरून फिरतो त्याचंच नाव देते: ओळफेरा, झाडफेरा, घडफेरा. जावातलं लेबलही मुलं आता तेच लिहितात. याहून बरा शब्द कुणाकडे असेल तर सांगा.