'मागची बाजू वाचा' म्हणे!

सुदामानगरी
परवा इथंच कोणीतरी शहाणपणा शिकवून गेलं: "पाकिटामागं सगळं छापलेलं असतं. न वाचता घेता आणि मग फसवलं म्हणून रडता. शिकल्या-सवरल्या माणसांना शोभत नाही." तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लांब लिहितेय.

मागं छापलेलं असतं, कबूल. पण पुढं जे छापलंय ते काय माझ्या आजीनं छापलं? पुढं गव्हाच्या लोंब्या, नाचणीची कणसं, ठळक 'मल्टिग्रेन'. मागं घटकांत पहिला मैदा. ती यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यायची असते, म्हणजे सगळ्यात जास्त मैदाच. नाचणी कुठंतरी मिठाच्या शेजारी. खोटं एक अक्षर नाही, आणि तरी फसवणूक पूर्ण.

एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाला ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावं लागलं की बोर्नव्हिटासकट अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या वर्गातून काढा. जूनमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, '१०० टक्के फळांचा रस' हा दावा पुसायला लावला. साखरेचा आकडा, पाणी घालून परत तयार केलेला रस, सगळं मागं होतंच ना? मग सरकारला मध्ये का पडावं लागलं?

मांडणीचं तर बोलूच नका. इथं इंदूरात विजयनगरच्या एका मोठ्या दुकानात आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट एकाच फ्रीजरमध्ये, वर पाटी 'आइस्क्रीम'. आइस्क्रीमला किमान १० टक्के दुधाचं फॅट लागतं, त्या दुसऱ्यात वनस्पती तेल. आणि चॉकलेटं बिलाच्या रांगेत, बरोब्बर पोराच्या हाताला येतील अशी. तूरडाळ मात्र पार टोकाला.

हिशेबी_भिया
ते शहाणपण माझंच. परत शिकवतो. दुकान त्याचं, मांडणी त्याची. सराफा बाजारातला जिलेबीवालाही कढई रस्त्यावरच मांडतो, माजघरात नाही. तिथं नाही कोणी म्हणत मला भुलवलं.
आता पाकिटावर ग्रॅममागं भाव किती तेही छापतात. किती जण बघतात? पोराला 'नाही' म्हणता येत नाही, त्याचा दोष रॅकला.

तेलकट
भिया, बघूनही काय होतंय? पाकिटं ठरावीक वजनांचीच हवीत ही सक्ती २०२२ मध्ये उठली. आता पिशवी लिटरची वाटते आणि निघते ८५० मिलीची. त्याच वर्षी ग्राहक खात्यानं तेलवाल्यांना बजावलं होतं की तापमान लिहून आकारमान छापू नका. काही जण ६० अंशांवरचं आकारमान छापत होते. गरम तेल फुगतं, कागदावर लिटर भरतो, पिशवीत वजन कमी. हे मागची बाजू वाचून कळणार होतं? त्याला फिजिक्स लागतं.

हिशेबी_भिया
तेलाचं सोडा, तिथं बदमाशीच होती. एक मुद्दा दिला तुम्हाला, फ्रेम करून लावा.

कोठीवाल्या काकू
मला एक कळत नाही, माळव्यात राहून पाकिटातला आटा खाताच का? माझं माहेर सिहोरचं. तिथल्या शरबती गव्हाला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी ओळख, मिळाला, का? तिथल्या मातीमुळे. आणि मॉलमध्ये बघावं तर रॅकभर 'एमपी शरबती'! एवढा शरबती पिकतो कुठं? माझ्या भावाच्या शेतात तर नाही. मार्च-एप्रिलमध्ये गहू घ्या, ऊन द्या, कोठी भरा, चक्कीवर दळा. पण हल्लीच्या सुनांना निवडणं नको.

विजयनगर_फ्लॅट
सुनांवर आलातच शेवटी! काकू, आमच्या दोन खोल्यांत कोठी ठेवली तर माणसं बाल्कनीत झोपतील. आणि चक्कीचं कौतुक मला नको. सासूबाईंनी निवडून पाठवलेला शरबती दळायला टाकला, परत आलं भलत्याच गव्हाचं पीठ. पोळ्या अशा की टायरला ठिगळ लावावं. चक्कीवाला म्हणे, "दीदी, वही है." तिथं तर मागची बाजूसुद्धा नसते वाचायला.

कोठीवाल्या काकू
समोर उभं राहून दळून घ्यायचं असतं. डबा ठेवून मोबाइल बघत गेलात तर साध्या लोकवन गव्हाचंच पीठ येणार.

मालवी मिरची
लोकवनला नावं ठेवू नका हं. आमच्या घरी जन्मभर लोकवनच, पोळी मऊ राहते. शरबती हा श्रीमंतांचा चोचला.

कोठीवाल्या काकू
चोचला? रात्रीची पोळी सकाळी खाऊन दाखवा, मग बोला.

सुदामानगरी
अहो, धागा पॅकिंगचा आहे! पण काकूंनी नकळत माझंच काम केलं. 'शरबती' हे नाव पुढं मोठ्ठं, गहू कुठला ते मागंही नाही. हिशेबीभाऊ, आता काय वाचू?

हिशेबी_भिया
नावात खोटं असेल तर अन्नसुरक्षा कायद्यात चुकीच्या लेबलला ३ लाखांपर्यंत दंड आहे. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावा. इथं टाइप करून गहू बदलत नाही.

विजयनगर_फ्लॅट
३ लाख! त्यांचा एका जाहिरातीचा चहापाण्याचा खर्च असेल. आणि हे तुम्हीच सांगताय, म्हणजे लेबलं खोटी असतात हे मान्य ना?

हिशेबी_भिया
काही लेबलं. आणि तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आहेत म्हणून असतात.

विजयनगर_फ्लॅट
तुमच्या घरी बाजार कोण करतं ते आधी सांगा.

हिशेबी_भिया
बायको. सियागंज बाजारातून. त्याचा इथं काय संबंध?

मालवी मिरची
संबंध आहे, वहिनींनाच बोलवा इथं. आणि काकू, आजच्या लोकवनच्या चार पोळ्या झाकून ठेवल्यात. उद्या सकाळी फोटो टाकते.