मेंदूतला दाह आणि मानसिक आजार : पीएचडी कुठून सुरू करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जळगावच्या विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर सावद्याकडे, केळीवाले. पीएचडी मेंदूतला दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे प्रतिकारशक्ती चाळवल्याने येणारी सूज) आणि मानसिक आजार यावरच करायची हे ठरलंय. अडलंय ते उंदरांवर काम करणारी लॅब धरू की माणसांच्या नमुन्यांवरची, इथे.

विषय डोक्यात शिरला तो आत्येबहिणीमुळे. कॉलेजात जाणारी चांगली मुलगी एकाएकी बडबडायला लागली, रात्र रात्र झोपेना, आईलाच ओळखेना. आधी लिंबू-नारळ उतरवून झाले, मग मानसोपचाराच्या गोळ्या. शेवटी तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं, झटके आले, तेव्हा एका न्यूरॉलॉजिस्टनी पाठीतलं पाणी काढून तपासलं. एनएमडीए रिसेप्टर या मेंदूपेशींवरच्या, संदेश घेणाऱ्या प्रथिनाविरुद्ध तिच्याच शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी निघाल्या, अंडाशयात गाठही. गाठ काढली, स्टिरॉइड दिले. आता ती बीएड करतेय. हा आजार जुझेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ओळखला. त्याआधीच्या अशा मुलींचं काय झालं असेल, हा विचार काही केल्या जात नाही.

पण तो आजार दुर्मीळ. मला खरी ओढ आहे ती साध्या नैराश्याची. हेपॅटायटिस सीसाठी इंटरफेरॉन अल्फा हे प्रतिकारशक्ती चाळवणारं औषध द्यायचे तेव्हा कितीतरी रुग्णांना नैराश्य यायचं, म्हणजे नुसती प्रतिकारशक्ती चाळवली तरी मन खचू शकतं. मग दाह कमी केला तर नैराश्य जाईल? २०१३ साली अमेरिकेत एमरी विद्यापीठाच्या चमूने औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. एकूण गटात, तुलनेसाठी दिलेल्या नुसत्या सलाईनपेक्षा काही जास्त फायदा नाही. पण ज्यांचा सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) सुरुवातीलाच जास्त होता, त्यांना फरक पडल्याचं दिसलं. असा फायदा होणारे ‘काही जण’ आधीच ओळखायचे कसे, यावर मला काम करायचंय.

बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये (मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) रुग्ण, रक्त, अगदी मेंदूपेढीसुद्धा एकाच आवारात. मानेसरच्या एनबीआरसीत (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र) मायक्रोग्लियावर, म्हणजे मेंदूतल्या प्रतिकारपेशींवर, काम झालंय, जपानी मेंदूज्वरातलं तर मी वाचूनही काढलंय. एमबीबीएस नसताना रुग्णांच्या नमुन्यांवर काम करू देतात का? की आधी उंदरांवर हात बसवावा?

घरचं म्हणाल तर जेआरएफ (संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० आणि वर घरभाडं, हे ऐकून आई शांत झाली. आजोबांचं वेगळंच : “डॉक्टर होशीन बाई, पन सलाईन लावता येईन का?”

प्रतिसाद

ताई, एमबीबीएस नाही म्हणून अडत नाही. रुग्ण तपासणं, रक्त काढणं डॉक्टर आणि नर्स बघतात. तुझं काम नमुना हातात आल्यावर सुरू. मी गेली काही वर्षं हेच करतोय.

उंदराला एलपीएस (दाह उठवणारा जिवाणूंच्या आवरणातला पदार्थ) टोचलं की तो खाणं सोडून कोपऱ्यात गोळा होऊन बसतो. त्याला आजारी म्हणता येतं, उदास म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. मायक्रोग्लिया आत नेमकं काय करतात हे बघायचं तर उंदीर हवाच. तुझा प्रश्न ‘कोणत्या रुग्णाला’ असा आहे, तेव्हा माणसांचे नमुने धर.

फक्त जाण्याआधी त्या लॅबला विचार : रक्त किती वाजता घेता, उपाशीपोटी का, किती वेळात गोठवता? रुग्णाचं वजन, तंबाखू, हिरड्यांची सूज यांची नोंद आहे का? सीआरपी या सगळ्यांनी वाढतो, आणि आयएल-६ हे दाहाचं दुसरं प्रथिन तर दिवसभरात वरखाली होतं. ही नोंद नसेल तर पाच वर्षांनी तुझ्या हातात लठ्ठपणाचा अभ्यास येईल, नैराश्याचा नाही! फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून मोजायचं, ओळखायचं तंत्र) आणि संख्याशास्त्र आत्ताच शीक, दोन्हीकडे लागतं.

मूळ लेखिका

आभारी आहे दादा. हिरड्यांचं तर डोक्यातच आलं नव्हतं. जेआरएफसाठीच्या सीएसआयआर-नेट परीक्षेचा फॉर्म भरतेच. जळगाव-धुळे-नंदुरबारकडचं कोणी निम्हान्सच्या पीएचडी मुलाखतीला जाऊन आलं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा; प्रबंधाबद्दल जास्त विचारतात की एखादा शोधनिबंध वाचायला देतात, एवढं जरी कळलं तरी पुष्कळ.