लोकलमधून सायकल नेतं का कोणी? डोंबिवली ते महापे, सल्ला हवा

खाडीकाठ:
रोजचा प्रवास डोंबिवली ते ठाणे, तिथे ट्रान्स हार्बरची, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी गाडी पकडून घणसोली आणि पुढे महापे एमआयडीसी. गाडीतली गर्दी अंगवळणी पडली आहे. जीव जातो तो शेवटच्या तीनेक किलोमीटरला. शेअर रिक्षाची रांग हलत नाही, पावसात तर रिक्षा दिसतच नाहीत. म्हणून फोल्डिंग सायकल घ्यायचं मनात आहे. भावाकडची डेकॅथलॉनची टिल्ट, २० इंची चाकांची, एकदा नेऊन पाहिली. ठाण्याला उतरताना एकीची ओढणी हँडलमध्ये अडकली आणि चेनचं काळं ग्रीस दुसरीच्या सलवारीला लागलं. सगळा लेडीज डबा माझ्यावर चिडला, साहजिकच होतं ते. मालडब्यातून नेलेली चालते का? की आणखी लहान घडीची सायकल घेऊ?

पारसिक_पल्याड:
मालडब्यात सामान असेल तरच चढायचं, रिकाम्या हाती दिसलात तर दंड. सायकल घडीची नसेल तर आधी खिडकीवर लगेजचं तिकीट काढा. पण सकाळी त्या डब्यात पाट्या, गोण्या आणि त्यांच्यावर उभी माणसं असतात. २०२५ पासून मधला एक मालडबा ज्येष्ठ नागरिकांसाठी बदलायला घेतला आहे. तो निर्णय योग्यच आहे, पण सामानाची जागा तेवढी कमी झाली. बऱ्याच एसी लोकलला तर मालडबाच नाही.

घडीवाला:
मी ब्रॉम्प्टन कंपनीची घडीची सायकल वापरतो. १६ इंची चाकं, घडी साधारण ६५ × ५९ × २७ सेंटिमीटर, वजन १२ किलोच्या आसपास. घडी केल्यावर चेन दोन चाकांच्या मधे जाते, त्यामुळे कोणाचे कपडे खराब होत नाहीत. सीटखाली किंवा दाराच्या आडोशाला मावते. पण किंमत लाखाच्या वर, आणि ठाण्याच्या पुलावर गर्दीतून १२ किलो उचलून चढणं रोज जमेलच असं नाही. माझी ड्यूटी दुपारची, म्हणून निभावतं. सकाळी आठच्या गाडीला मी स्वतः नेणार नाही.

काळीसायकल:
ताई, सायकल गाडीत चढवूच नका. ती घणसोलीलाच ठेवा. डबेवाले कित्येक वर्षं हेच करतात. त्यांच्या सायकली स्टेशनाबाहेर उभ्या असतात, गाडीतून प्रवास फक्त डब्यांचा.

जुनी साधी सायकल घ्या, गिअर नसलेली. पूर्ण चेनकव्हर, दोन्ही मडगार्ड, कॅरिअर आणि डबल स्टँड, एवढं बघून घ्या. चेनकव्हर असेल तर पावसात चेन लवकर गंजत नाही आणि ओढणीही अडकत नाही. सीट हाताने खोलता येणाऱ्या क्लॅम्पची असेल तर दुकानात तो काढून नट-बोल्ट लावून घ्या, नाहीतर सीट पहिल्या आठवड्यात जाईल. कुलूप जाड यू-लॉक, फ्रेम आणि मागचं चाक मिळून खांबाला. वायरचं कुलूप पक्कडीने तुटतं.

एक अडचण मात्र आहे. मला एका स्टेशनावर पार्किंगवाल्याने सायकल आत घेऊच दिली नव्हती, बाइकची जागा अडते म्हणाला. शेवटी समोरच्या सोसायटीच्या वॉचमनशी बोलून सोय केली. म्हणून सायकल घ्यायच्या आधी जागा पक्की करा.

उत्रेख्तवासी:
वरच्याशी सहमत. इथे नेदरलँड्समध्ये तर सायकलींचा सुकाळ, तरी कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा गाडीत घडी न केलेली सायकल नेता येत नाही. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये सूट. घडी केलेली कधीही फुकट. त्यामुळे बरेच जण दोन सायकली ठेवतात, एक घराकडच्या स्टेशनावर आणि एक जुनी ऑफिसकडच्या. उत्रेख्त स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे, पहिले २४ तास फुकट. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या स्टेशनांभोवती एवढी मोकळी जागा आहे, तिथे छपराखाली शंभर सायकलींचे स्टँड सहज बसतील. हे मागायला हवं, लेखी.

खाडीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. फोल्डिंगचा विचार सोडला. डोंबिवलीहून सरळ महापेपर्यंत सायकलनेच जावं का, असंही डोक्यात आलं होतं.

पारसिक_पल्याड:
शिळफाट्याचा रस्ता? नको. सगळे कंटेनर आणि पुढे डोंगराचा चढ. घणसोलीहून निघाल्यावर ठाणे-बेलापूर रोड ओलांडायचा आहे, तेवढीच जपायची जागा. त्या वेळी खाली उतरून सायकल हातात धरून जा. एमआयडीसीत शिरलात की आतल्या रस्त्यांनी जा, पण ट्रक वळतात तिथे डाव्या बाजूने पुढे घुसू नका. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही.

काळीसायकल:
आणि मागे लाल लाइट हवाच. पावसाळ्यात सहालाच अंधारून येतं.

खाडीकाठ:
लाइट घेते. घणसोली स्टेशनच्या पूर्वेला रात्री वॉचमन असलेलं पार्किंग कोणाला माहीत असेल तर इथेच लिहा. शनिवारी जाऊन जागा बघणार आहे.