स्ट्रेट पुरुषाने केलेला लेस्बियन सिनेमा आपल्याला खरा का वाटत नाही?

निळीशाई:
‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’, अडेल आणि एमा या दोघींच्या प्रेमाचा सिनेमा, बघून झाला आणि मन दोन्हीकडे ओढतंय. अडेलचं ते हावरं खाणं, नाक पुसायचंही भान न ठेवता रडणं, एमा गेल्यावरसुद्धा शाळेत पोरांना शिकवत राहणं, हे सगळं इतकं खरं आहे की आत तुटतं काहीतरी. आणि मग ते लांबलचक सेक्स सीन येतात आणि वाटतं आता ह्या दोघी एकमेकींसाठी नाहीत, कॅमेऱ्यासाठी आहेत. दिग्दर्शक पुरुष आहे हे माहीत असल्यामुळे मला तसं वाटतंय की माहीत नसतं तरी वाटलं असतं? मी स्वतः लेस्बियन आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता थिअरीचा वाद नाहीये.

पडद्यामागे:
माहीत नसतं तरी वाटलं असतं. ज्या ग्राफिक नॉव्हेलवरून तो सिनेमा केलाय त्याचे लेखक ज्यूल मारो यांनी 2013 मधेच, कान महोत्सवात पाम द’ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाल्यावर, लिहिलं होतं की सेटवर लेस्बियनच नव्हत्या. सिनेमा म्हणून त्यांनी कौतुकच केलं, राग होता तो त्या सीन्सवर. शिवाय दोन्ही नट्यांनी नंतर सांगितलं की एकाच सीनचं शूटिंग दहा दिवस चाललं आणि परत ह्या दिग्दर्शकाबरोबर काम करायचं नाही. मला तर हे जास्त गंभीर वाटतं.

रात्रीचा_शो:
पण मग पुरुषांनी करूच नये असं म्हणायचं का? ‘द हँडमेडन’ (2016) बघ, पार्क चान-वूकचा, पण मूळ कादंबरी सेरा वॉटर्सची, म्हणजे लेस्बियन लेखिकेची, आणि पटकथेत बाईचा हात आहे. त्यात आंघोळीच्या वेळी मोलकरीण सूक-ही बोटात अंगुस्तान घालून मालकीण हिदेकोचा टोचणारा दात घासून देते, कपडे एकीच्या अंगावर तसेच आहेत, नजर कुठे ठेवायची ते दोघींना कळत नाहीये, त्या एका सीनमधे जेवढी ओढ आहे तेवढी नंतरच्या सगळ्या सेक्स सीन्समधे मिळून नाही, तिथे मलाही फ्रेम फार सजवलेली वाटते. म्हणजे एकाच दिग्दर्शकाला एका सीनमधे जमलं आणि दुसऱ्यात नाही.

पडद्यामागे:
तेच तर. ‘बाउंड’साठी (1996) तेव्हा पुरुष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाचोव्स्की बहिणींनी (दोघी ट्रान्स स्त्रिया आहेत) लैंगिकतेवर लिहिणाऱ्या सूझी ब्राइटला सल्लागार म्हणून घेतलं होतं, आणि ‘कॅरल’ची पटकथा फिलिस नॅजी या लेस्बियन लेखिकेची आहे, दिग्दर्शक टॉड हेन्स गे असला तरी पुरुषच ना. खोलीत कोण होतं, आणि ‘हे असं नसतं’ म्हटल्यावर ऐकलं गेलं का, एवढंच बघावं. नुसतं सल्लागार म्हणून नाव लावून काही होत नाही.

निळीशाई:
दाताचा सीन आठवला, बरोबर आहे तुझं. मला वाटतं पुरुष दिग्दर्शकांची घाई होते ती शरीराकडे जायची, आणि आमच्या आयुष्यातला मोठा भाग त्याच्या आधीचा असतो, तिला कळलंय का, आपण जास्त बघतोय का, चूक निघालं तर मैत्रीणही जाईल. सेलीन सियामा या दिग्दर्शिकेच्या ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’मधे अर्धा सिनेमा त्या बघण्यातच जातो आणि एक मिनिट कंटाळा येत नाही. हे एखाद्या स्ट्रेट पुरुषाने करून दाखवावं, मी पहिल्या दिवशी जाऊन बघेन.