तीन फेब्रुवारी, षण्मुखानंद : आपापले अनुभव लिहा

मात्रासोळा :
खालच्या मजल्यावरचा मुलगा नुकताच तबला शिकायला लागलाय. आज सकाळी सहालाच त्याचं 'धाधा तिट' सुरू झालं आणि मला थेट षण्मुखानंद सभागृहाची रांग आठवली. अब्बाजींची बरसी, म्हणजे पुण्यतिथी! झाकीर हुसेनचे वडील, तबलावादक उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० ला गेले. पुढे झाकीरभाईंनी ती तारीख उजाडल्यापासून रात्रीपर्यंत गाण्याबजावण्याला देऊन टाकली. अंधारात घर सोडायचं, किंग्ज सर्कलला उतरायचं, गांधी मार्केटवरून झपझप चालत जायचं, तर रांगेचं शेपूट आधीच फाटकाबाहेर. आज कोण वाजवणार हे अर्ध्या रांगेला माहीत नसायचं आणि फिकीरही नसायची. माझं मत विचाराल तर तिथली खरी ओढ नावांची नव्हतीच, वेळेची होती. मुंबईत ललत किंवा भैरव हे पहाटे-सकाळचे राग त्यांच्या वेळेला, समोर बसून ऐकायला मिळतात कुठे? लिहा आता. कुठलं सत्र, कोण आवडलं, कोणी पकवलं, सगळं चालेल.

कल्याणस्लो :
वेळबिळ ठीक आहे हो, मी झाकीरसाठीच जायचो. उगाच तत्त्वज्ञान नको 😄

पार्लेकाकू :
कल्याणस्लो +१. माइक घेऊन पुढच्या कलाकाराची ओळख करून द्यायचा ना, तेसुद्धा ऐकत राहावंसं वाटायचं. आमचे हे वरच्या बाल्कनीत गाढ झोपले. घोरत होते, मी कोपर मारून दमले. टाळ्यांनी जाग आली तर सगळ्यांच्या आधी 'क्या बात है' यांचंच. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

ठेकाधरा :
एका दुपारी कुणीतरी पंधरा मात्रांचा सवारी ताल वाजवायला घेतला. लेहरा (ताल धरून ठेवणारी धून) चालू, आमची आख्खी रांग मांडीवर बोटं मोजतेय. पहिल्या आवर्तनाला माझी मान डोलली, शेजारच्याची डोललीच नाही. पुढच्या आवर्तनाला त्याची डोलली, माझी राहिली. दोघंही एकमेकांकडे 'काय हे अडाणी' अशा नजरेने बघतोय. पुढच्या खुर्चीतले आजोबा मात्र डोळे मिटून, एक बोट जेमतेम उचलून बसलेले. तिहाई (तीनदा वाजणारा शेवटचा तुकडा) आली आणि ते बोट बरोब्बर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर टेकलं. त्यानंतर आम्ही दोघं मंचाकडे बघायचं सोडून त्या बोटाकडेच बघत होतो.

जुनाखोड :
सकाळ उत्तम, वाद नाही. पण संध्याकाळच्या सत्राबद्दल कोणीच का बोलत नाही? ड्रम, कीबोर्ड, जुगलबंदी, शिट्ट्या. तबल्याच्या खलिफाच्या, एवढ्या मोठ्या उस्तादाच्या बरसीला हे कशाला? दरवर्षी नावं वाचली की मी सातच्या आत घरी.

ठेकाधरा :
@जुनाखोड, खलिफा स्वतः काय करत होते ते बघा की. अमेरिकेतल्या पॉप-रॉक महोत्सवांत रविशंकरांबरोबर, १९६७ ला माँटेरे, १९६९ ला वुडस्टॉक, मध्ये १९६८ ला बडी रिच या ड्रमवाल्याबरोबर आख्खी रेकॉर्ड. शिवाय ए. आर. कुरेशी नावाने हिंदी सिनेमाला संगीत. तुमच्यापेक्षा ते मोकळे होते.

जुनाखोड :
ते अल्लारखाँ होते. परवाचा पोरगा नव्हे.

रमणबागवाला :
मुंबईकरांचं एका दिवसाचं कौतुक वाचून मजा वाटली. आमचं पुण्याचं सवाई (गंधर्व महोत्सव) १९५३ पासून चालू आहे म्हटलं.

पार्लेकाकू :
आले पुणेकर!

मात्रासोळा :
@रमणबागवाला, सवाईला आम्हीही येतो, डेक्कन क्वीनने. पण रात्रभर चालायचं ते सवाई गेलं ना. उघड्या मैदानात दहाला भोंगे बंद, फार तर एखाद्या दिवशी बारा. मध्यरात्रीचा दरबारी राग कुठून ऐकणार? बंद सभागृहाला ती अडचण नाही, म्हणून तर वेळेचं म्हणतोय.

रमणबागवाला :
हे दुखरं आहे, मान्य. रात्री दहाला भैरवी ऐकून जेवायला घरी येणं जिवावर येतं. (मांडवातली मिसळ मात्र तुमच्याकडे नाही.)

चेंबूरची_सुगरण :
मिसळ नसेल, पण सकाळच्या सत्रानंतर चालत माटुंगा आहे. कॅफे मद्रासला रसम वडा आणि फिल्टर कॉफी. तिथल्या रांगेत परत तीच तोंडं. सकाळचा मारवा कसा झाला यावर भांडण चाललेलं ऐकलंय मी.

ठेकाधरा :
सकाळी मारवा? तो तर संध्याकाळचा राग!

चेंबूरची_सुगरण :
मग भटियार असेल. मी इडलीवाली.

जेन्झीपण_गुणी :
मी लहान म्हणून विचारते, रागावू नका. २०२४ ला महालक्ष्मीला लोलापलूझा महोत्सवात स्टिंग ऐकला, भारी होता. पण तिथे पोस्टर बघून तिकीट काढतो, नाव आवडलं नाही तर जात नाही. इथे सगळे म्हणताय नावं बघायचीच नाहीत. मग झाकीरभाई डिसेंबर २०२४ ला गेले, आता त्या रांगेत उभं का राहायचं?

कल्याणस्लो :
खरं सांगू? मी नसतो राहिलो. त्याचे भाऊ फझलभाई, तौफिकभाई दोघंही मोठे, पण माझ्यासाठी तो दिवस एका माणसाचा होता.

मात्रासोळा :
मी राहीन. बाप गेल्याच्या दिवशी त्याने रडगाणं लावलं नाही, जगभरचे वादक बोलावले. आता त्या तारखेला बाप-लेक दोघांच्या आठवणीत ऐकायला जायचं. सवाईतही भीमसेनजी २०११ ला गेले, मांडव रिकामा पडला का? माणसं कुरकुरत येतातच.

रमणबागवाला :
कुरकुरायलाच येतात.

पार्लेकाकू :
आले परत. यांना धागा वाचून दाखवला, म्हणतात मी झोपलो नव्हतो, समाधी लागली होती. जेन्झीपण, तू माझ्याबरोबर चल. गाडी आमची, पण पार्किंगचं तू बघायचं. बरं झालं बरसी फेब्रुवारीत येते, जुलैत असती तर गांधी मार्केटला होडीच लागली असती.

कल्याणस्लो :
थोडं अवांतर. माझ्या तबल्याच्या शाईचे (मधल्या काळ्या गोलाचे) टवके उडालेत. दादर-परळ बाजूला चांगला कारागीर आहे का कोणी?

ठेकाधरा :
फोटो टाक आधी. नुसती शाई की पुडीच (वरचं आख्खं कातडं) बदलायची ते बघू. आणि ऊन लागतं तिथे ठेवू नकोस रे बाबा.

कल्याणस्लो :
खिडकीतच असतो 🙈 टाकतो संध्याकाळी.