मेकॅनिकलचं तिसरं वर्ष आणि सीपीएलचे पेपर: नेव्हिगेशन हातात कसं टिकवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे एअरलाइनमध्ये वैमानिक व्हायचं हे नक्की. सीपीएलसाठी (कमर्शियल पायलट लायसन्स, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) लागणाऱ्या २०० तासांच्या फ्लाइंगचा पैसा डिग्रीनंतर कर्ज काढूनच उभा राहील. म्हणून निदान डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) थिअरी पेपर तरी आत्ताच काढायचे असं ठरवलंय. कॉम्प्युटर नंबर (डीजीसीएच्या परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक) आलाय, क्लास टू मेडिकल म्हणजे पहिल्या पायरीची वैद्यकीय तपासणीही झालीय. आईचं म्हणणं, आधी डिग्री पूर्ण कर. मला दोन्ही हवंय.

प्रत्येक पेपरला ७० टक्के लागतात. टेक्निकल जनरलची धास्ती नाही, गॅस टर्बाइन आणि बर्नुली कलाभवनात (आमच्या इंजिनिअरिंग फॅकल्टीत) शिकून झालेत. मेटिऑरॉलॉजी तर मनापासून आवडते. ढगातली हवा चढताना कोरड्या हवेपेक्षा हळू का निवते, हे थर्मोडायनॅमिक्समुळे एकदा कळलं ते कळलंच. रेग्युलेशन्स म्हणजे पाठांतर.

अडतं ते नेव्हिगेशनशी. हंसा मेहता लायब्ररीत बसून रोज गणितं करते तोवर हात चालतो. मग सबमिशन, जर्नल, व्हायवा सुरू होतात (आणि नवरात्रीत बडोद्यात रात्रीचा अभ्यास होत नाही, हे इथल्यांना सांगायला नको). परत बसले की विंड ट्रँगलमध्ये (विमानाचा वेग, वारा आणि जमिनीवरचा मार्ग यांचा त्रिकोण) वारा कुठल्या बाजूने मांडायचा इथेच वेळ जातो. बाकी विषय सुटीनंतरही आठवतात, हा नाही.

दुसरी काळजी मुदतीची. पास झालेले पेपर कायमचे चालत नाहीत. फ्लाइंग लांबलं तर सगळं पुन्हा द्यावं लागेल का, ही धाकधूक आहे.

नोकरी किंवा डिग्री सांभाळून कोणी हे पेपर काढले असतील तर कृपया सांगा: क्रम काय ठेवलात, आणि सेमिस्टरच्या गर्दीत नेव्हिगेशन कसं जिवंत ठेवलंत?

प्रतिसाद:

मी फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे, बी.एस्सी. करता करता पेपर दिले होते. नेव्हिगेशन सेमिस्टरमध्ये संपवायला जाऊ नकोस. विद्यापीठाची परीक्षा झाली की उन्हाळ्यात सलग बस आणि लगेच पेपर दे. तोवर रोज दोनच गणितं कर, व्हायवाच्या दिवशीसुद्धा.

फ्लाइट कॉम्प्युटर (ही गणितं करायची हातातली चकती) उचलण्याआधी कागदावर बाण काढ. वारा नेहमी ‘कुठून येतो’ तसा दिलेला असतो आणि विमान वाऱ्याच्या वाहत्या दिशेला सरकतं. मग तोंडी अंदाज घे: वेग १२० नॉट, आडवा वारा २० नॉट, तर २० भागिले १२० गुणिले ६०, म्हणजे ड्रिफ्ट (वाऱ्याने विमान बाजूला सरकण्याचा कोन) साधारण १० अंश. उत्तर याच्या आसपास नसेल तर गणित चुकलंय, आणि ड्रिफ्ट बाणाच्या उलट बाजूला आला तर वारा उलटा मांडला गेलाय, समज.

आत्ता मेटिऑरॉलॉजी आणि टेक्निकल जनरल काढ. रेग्युलेशन्स बदलत राहतात, ते परीक्षेच्या तोंडावर वाच. टेक्निकल स्पेसिफिक मात्र ज्या विमानावर शिकशील त्यावरच असतो, तो फ्लाइंग क्लब ठरल्यावर. पेपरांची मुदत लायसन्सच्या अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात, म्हणून आधी फ्लाइंग साधारण कधी सुरू होईल ते घरी बसून ठरव आणि डीजीसीएच्या चालू नियमाशी ताडून बघ.

आणि एक, क्लास टूवर थांबू नकोस. लायसन्सला क्लास वन लागतं. कर्जाच्या कागदांवर सही होण्याआधी ते हातात असू दे.