मदत हवी आहे: धूमकेतूवर यान उसळलं, हे मुलांना कसं दाखवू?
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात सातवीला विज्ञान शिकवते. परवा रोझेटाबद्दल सांगत होते. २००४ ला निघालेलं यान दहा वर्षांनी ६७पी धूमकेतूपाशी पोहोचलं आणि १२ नोव्हेंबर २०१४ ला त्यातलं फिले हे छोटं यान धूमकेतूवर उतरलं. जमिनीत रुतायचे भाले सुटलेच नाहीत, फिले उसळलं ते जवळजवळ दोन तास वरच!

"मॅडम, शंभर किलोनं यान उडनं कसं?" एका पोराने विचारलं. क्विंटलभर कापूस म्हणजे काय, हे त्याला घरून ठाऊक आहे. धूमकेतूवर फिलेचं वजन जेमतेम ग्रॅमभर, हे नुसतं सांगून पटत नाही, डोळ्यांना दिसायला हवं. टाकीत वाळू भरलेला फुगा सोडून पाहिला, पण पाणी उसळीच मारू देत नाही. प्रयोगशाळा नाही, तराजू, दोरी, सायकलची ट्यूब एवढंच आहे. कुणी असं काही करून दाखवलंय का?